पेट्रोलच्या नळीपुढे निरांजन

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये एका घराच्या दिवाणखान्यात कॉफी टेबल म्हणून एक इंजिन ठेवलेलं आहे. वर जाड काच, काचेवर कपांच्या खाली ठेवायच्या चकत्या. काचेतून खाली पाहिलं की आठ सिलिंडरची आठ भोकं दिसतात आणि त्यातल्या एकात कुणीतरी पिस्त्याची टरफलं टाकलेली असतात. ते इंजिन मी चालू असताना ऐकलेलं आहे. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

ते घर माझ्या नवऱ्याच्या मित्राचं. मित्र पुण्याचे, डेटाबेसच्या नोकरीतले. त्यांनी कोणा म्हाताऱ्या टेक्सन माणसाकडून जुनी मसल कार घेतली. लांबलचक बॉनेट, दोन दारं, मागे बसायला जेमतेम जागा. म्हाताऱ्याने ती गाडी इतकी नीट ठेवली होती की पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. यांनी तिला आणल्या आणल्या ठरवलं की आत नवीन फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवायचं, कारण जुन्याला "कॉम्प्युटर नाही यार, सेन्स नाही." इंजिन बदलायला माझी हरकत नव्हती. लोक बदलतात आणि चांगलं बदलतात. पण चालणारं इंजिन उपटून त्यावर पिस्ते खायचे, याची मला शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही.

मी तालुक्याच्या शाळेत शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सरकारी कॉलेजात मेकॅनिकलला गेले तेव्हा आख्ख्या वर्गाला मिळून जीपचं एकच जुनं इंजिन होतं. वर्कशॉपच्या सरांनी मला मुलगी म्हणून कधी बाजूला उभं केलं नाही. सुटलेला प्रत्येक बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा, ताटात क्रमाने मांडायचा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच इंजिन उघडायचं असे, म्हणून आम्ही ते जपून वापरत होतो. आज मी इंजिनांचे कॉम्प्युटर जुळवण्याचं काम करते ते त्या ताटामुळे आणि त्या सरांमुळे. हे मी उगाच नम्रपणे म्हणत नाही. खरंच तसं आहे.

म्हणूनच मला बोलावलं होतं. मित्र पाहुण्यांना माझी ओळख करून देत, "या आमच्या वहिनी, लॅपटॉपवाल्या." मी काम केलं. कॉम्प्युटर इंजिनाशी बोलायला लागला. शेवटी सगळं तपासताना मी वाकून पाहिलं तर टाकीतून येणारी पेट्रोलची लाइन इंजिनापाशी ज्या रबरी नळीने जोडली होती ती जुन्याच गाडीची होती. भेगाळलेली, बोटाने दाबली तर काळी पावडर येत होती.

"ही बदलायची राहिली," मी म्हटलं.

"अहो वहिनी, नवीन ऑर्डर केलीये. शिपिंगला लेट झालं. तोवर हीच."

"जुन्या गाडीत पेट्रोल हळू यायचं. इंजेक्शनला दाब कितीतरी पट लागतो. ही सुटेल."

"डबल क्लिप लावतो. शनिवारी पूजा आहे ना, तेव्हा सुरू झालीच पाहिजे. दसरा आहे."

दसरा खरं तर गुरुवारी होता. सगळ्यांना सुट्टी नाही म्हणून तो शनिवारी ढकलला होता. मी तेच म्हटलं, "दसरा दोन दिवस पुढे गेला, मग पूजा नळी येईपर्यंत का नाही जात?"

ते हसले. माझा नवराही हसला. "हिचं असंच असतं," म्हणाला.

शनिवारी गॅरेजमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. झेंडूच्या माळा बंपरला, चाकांखाली लिंबं, आपट्याच्या पानांच्या ऐवजी कोणीतरी शेजारच्या झाडाची पानं तोडून आणलेली. मित्रांनी गाडीचंच चित्र छापलेला टी-शर्ट घातला होता. एक जण फोन धरून चित्रीकरण करत होता आणि सारखा सांगत होता, "काकू, जरा लेफ्टला. लाइट येत नाहीये." काकू म्हणजे मित्रांची आई, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. जरीकाठी साडी, हातात ताट, ताटात हळद-कुंकू, सुपारी आणि पेटतं निरांजन. मी आधीच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की ओवाळणं होऊन दिवा बाजूला गेल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. त्याने ते कुणाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

मित्र आत बसले. "वन टेकमध्ये करू! आई, तू ओवाळ, मी स्टार्ट करतो. काय इफेक्ट येईल!"

बॉनेट उघडं होतं. काकू इंजिनावर ताट गोल फिरवत होत्या. मी "थांबा" म्हणत पुढे घुसले आणि तेवढ्यात टाकीतल्या पंपाचा बारीक घुंई आवाज आला. मग फस्स झालं. नळी क्लिपमधून सुटली नव्हती, मधेच फाटली होती. धुक्यासारखा फवारा उडाला तो काकूंच्या पदरावर. तो वास मला पहिल्यांदा नाकात नाही, घशात जाणवला.

मी निरांजनावर फुंकर मारली, काकूंना दंडाला धरून मागे ओढलं आणि ओरडले, "किल्ली बंद कर!" मित्रांना मी कधी एकेरीत हाक मारली नव्हती.

पंप थांबला. ताट खाली पडून सुपारी घरंगळत गेली. मग एक बाई म्हणाल्या, "अगंबाई. फुंकर मारली?"

"दसऱ्याच्या दिवशी," दुसऱ्या म्हणाल्या.

"तोंडाने?"

जमिनीवर पेट्रोल पसरत होतं आणि माणसं त्या विझलेल्या वातीकडे बघत होती. मी गॅरेजचं दार पूर्ण उघडलं, सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर मित्र कोणाला तरी सांगत होते, "देवीची कृपा बघ. पूजा चालू होती म्हणून निभावलं."

घरी येताना नवरा म्हणाला, "त्याला एक फोन कर. सॉरी म्हण."

"कशाबद्दल?"

"दिव्याबद्दल. त्यांच्या घरी फार मानतात गं."

"मग पेट्रोलबद्दल त्याने काकूंना सॉरी म्हटलं का?"

मला त्या क्षणी सगळ्यांचीच किळस आली, टी-शर्टची, लिंबांची, त्या फोनची आणि शेजारी बसलेल्या माणसाचीही.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला. रविवारी गाडीची पहिली राइड, मुलांना घेऊन या, पहिल्या फेरीत आई बसणार. मी फोन केला. सॉरीसाठी नाही.

"नवीन नळी आली?"

"मंगळवारी येईल हो. फाटलेला भाग कापून टाकला, उरलेली परत जोडली. चार क्लिपा मारल्यात. टेन्शन नका घेऊ वहिनी."

रविवारी सकाळी मी एकटीच गेले. गॅरेज उघडं होतं, मित्र कॉफीचा मग घेऊन गाडी पुसत होते. मी बॅटरीची तार काढली, लाइनमध्ये दाबाने अडकलेलं पेट्रोल फडक्यात सोडलं आणि पिशवीतून कात्री काढून ती नळी तीन ठिकाणी कापली. रबर इतकं सडलं होतं की जोर लावावा लागला नाही.

"वहिनी! हे काय चाललंय? आज लोक येणारेत!"

"येऊ देत. चहा द्या त्यांना. टेबल आहेच तुमच्याकडे."

"तुम्हाला काही अधिकार आहे का? माझी गाडी आहे!"

"गाडी तुमची आहे. आत बसणारी माणसं नाहीत."

त्यांनी मग माझ्या नवऱ्याला फोन लावला. मी तुकडे गोळा करत राहिले, कारण मागे एकही ठेवला तर हा माणूस तोही जोडेल अशी माझी खात्री होती. घराच्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. त्या आत गेल्या आणि इंडियन स्टोअरची एक रिकामी पिशवी घेऊन आल्या.

"यात टाक," म्हणाल्या. "गाठ घट्ट मार. त्या साडीचा वास धुऊन धुऊन जाईना, शेवटी टाकून दिली. माझ्या लग्नातली होती."

मी गाठ मारली.

"दिवा फुंकलास ते मला आवडलं नाही हं," त्या म्हणाल्या. "पण मी काही या गाडीत बसणार नव्हते. याला सांगायची हिंमत होत नव्हती."

मित्र फोनवरून म्हणत होते, "अरे तुझ्या बायकोला आवर." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत स्वतः चालत गेल्या.