उघाडीच्या खांबावरची वरची रेघ

कमळाकर वॉचमन होते, पण त्यांची खुर्ची गेटकडे पाठ करून खाडीकडे तोंड करून ठेवलेली असायची. ट्रक आला की आवाजावरून उठायचं आणि गेट उघडायचं, अशी त्यांची पद्धत. पुढे इथे विजेचे ट्रक येणार, त्यांना आवाज नसतो, तेव्हा खुर्ची फिरवा, असं साइटचा इनचार्ज धनेश याने त्यांना तीनदा सांगितलं होतं. चाचणीचा पहिला ट्रक मागे येऊन उभा राहिला आणि चालकाने खाली उतरून खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्यांना कळलं. तरीही खुर्ची फिरली नाही.

वडखळच्या अलीकडे खाडीला एक जेट्टी आहे. तिथे बार्जमधून माल उतरतो आणि ट्रकने पुढे जातो. त्या ट्रकांसाठी जेट्टीमागे चार्जिंग यार्ड होतंय, आणि माझी मुलगी सफा तिथे ज्युनिअर इंजिनिअर आहे. ती पेणला रामवाडीत दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. मी रोह्याला असते, तिचे अब्बा मस्कतला. तेहतीस हजार व्होल्टची लाइन, खाडीकाठचे साप, हायवे, एवढ्या तीन गोष्टी मनात धरून मी गेल्या भाद्रपदात, पौर्णिमेच्या रविवारी, डबा घेऊन तिच्या साइटवर गेले. सफा लोखंडाच्या सळ्यांमध्ये उभी होती. अम्मी, अर्धा तास थांब, म्हणाली. म्हणून मी कमळाकरांच्या शेजारी बसले.

त्यांचे तळवे पांढरट आणि चामड्यासारखे होते. वय अडुसष्ट. यातली पस्तीस वर्षं त्यांनी याच जमिनीवर काढली होती, कारण यार्डच्या जागी पूर्वी मिठागर होतं. अकरा वर्षांपूर्वी ते बंद पडलं. मिठागरात कमळाकरांकडे उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं आणि दार लावायचं. चुकून उशीर झाला तर महिनाभराचं मीठ विरघळून जाणार. त्यामुळे हा माणूस चहाच्या आधी पाणी बघायचा. त्यांची बायको चंद्रावती दुपारी भाकरी घेऊन आली, तिने मला सांगितलं की लग्नाच्या दिवशी मुहूर्त टळत आला तरी नवरा मिळेना, आणि शेवटी हळदीच्या अंगाने उघाडीवर सापडला. “तवाच कललेला मना, माजी सवत खाडीत हाय,” ती म्हणाली. कमळाकर भाकरी खात राहिले.

मला सगळंच विचारायचं होतं. त्यांनाही. मी इतिहासाची बी.ए., ते चौथी पास, त्यामुळे आमची जोडी बरी जमली. सफा आली तेव्हा आम्ही दोघांनीही तिला प्रश्न विचारले. चाळीस टनांचा ट्रक बॅटरीवर चढ कसा चढतो? बार्ज धक्क्याला लागल्यावर डिझेलचं इंजिन बंद करून इथूनच वीज घेणार, तर ती वायर भरती-ओहोटीबरोबर वरखाली कशी होणार? कमळाकरांची खरी काळजी वेगळी होती. बारा ट्रक एकदम लावले तर आमच्या गावची लाइट जाणार काय?

सफाने सांगितलं की बारा ट्रक म्हणजे एका मोठ्या गावाएवढा भार आहे, म्हणून सबस्टेशनवरून वेगळी लाइन ओढलीय. शिवाय कंटेनरएवढी एक बॅटरी ठेवणार आहेत. मागणी कमी असेल तेव्हा ती हळूहळू भरायची, आणि ट्रक आले की तिच्यातून द्यायचं.

कमळाकरांनी मान हलवली. “भरतीला तलं भरून ठेवायचा, ओहोटीला त्याच्यातला वापरायचा. मंग आमी काय येगला करीत होतो?”

सफा हसली. मला ते हसणं बरं वाटलं, कारण गेले दोन आठवडे ती फोनवर तुटक बोलत होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याचं काँक्रीट पडायचं होतं, आणि ओटा किती उंच घ्यायचा ते तिने ठरवलं होतं. कागदावर सही तिची. नोकरीतली तिची ती पहिली मोठी सही.

मी सहज विचारलं, उंची कशी ठरवतात गं? नकाशात खाडीच्या तोंडाशी पाणी किती चढतं त्याचा आकडा आहे, पण इतक्या आतला नाही, असं ती म्हणाली. म्हणून तिने जुन्या उघाडीचा खांब पाहिला. ऐनाच्या लाकडाचा तो खांब अजून उभा होता, आणि त्यावर शिडीसारख्या एकावर एक रेघा कोरलेल्या होत्या. प्रत्येक रेघ एकेका वर्षाच्या मोठ्या उधाणाची. तिने सगळ्यांत वरची धरली. तिच्या वर वीतभर जागा सोडून केबल आत शिरायची तोंडं ठेवली, आणि त्यांच्या वर ओटा.

कमळाकरांचा घास हातातच राहिला.

“वरची रेघ सगल्यांत मोठ्या पान्याची नाय गो पोरी. ती सगल्यांत शेवटची हाय.”

मग त्यांनी समजावलं. खाडीतला चिखल मऊ. खांब स्वतःच्या वजनाने दरवर्षी बोटभर खाली उतरतो, आणि त्याच्यावरची रेघही. म्हणून भाद्रपदातल्या बीजेला, पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी जे मोठं उधाण येतं त्या दिवशी, मिठागराचा माणूस खांबापाशी उभा राहायचा आणि पाणी जिथवर चढलं तिथे नवी रेघ कोरायचा. पाणी साधारण तेवढंच, खांबच खाली गेलेला, म्हणून नवी रेघ जुनीच्या वर. मिठागर बंद झाल्यापासून कुणीच रेघ मारली नव्हती. अकरा वर्षं, अकरा बोटं.

सफाने आपला हात पसरून पाहिला. अकरा बोटं म्हणजे वीतभर. तिने सोडलेली जागाही वीतभरच होती. म्हणजे मोठ्या उधाणाला खारं पाणी थेट केबलच्या तोंडाशी.

“काका, तुम्ही आधी का नाही बोललात?”

“तू खांब मोजतेस त्या मना काय ठावूक? आन मी गेटवरचा मानूस.”

चूक अशी होती की पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटातलं कुणीही पोर ती करणार नाही आणि रोह्यात वाढलेली, नव्वद टक्के मिळवलेली माझी मुलगी ती करणारच. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं की तिने गप्प बसावं. सही केलेली आहे, वरच्यांनी मान्य केलेली आहे, आणि हे म्हातारबाबा आठवणीतून बोलताहेत. आई म्हणून माझ्या मनात हे आलं, ते लपवत नाही.

सफा माझ्याकडे न बघता धनेशच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं. माझी रेघ चुकलीय, उद्याचं काँक्रीट थांबवा, मंगळवारी बीज आहे, पाणी बघू आणि मग ठरवू, असं ती सांगत होती. धनेश आधी हसला. काँक्रीटची गाडी ठरलेली आहे, आता वॉचमनच्या पंचांगावर चालायचं का, असं त्याने विचारलं. मग बाहेर येऊन कमळाकरांना म्हणाला, “काय हो, गेट सोडून इंजिनिअर कधी झालात?”

कमळाकर खुर्चीवरून उठले. काठी टेकत ते बांधाच्या दगडी भागापाशी गेले, जो खचत नाही, त्यावर त्यांनी खडूने एक रेघ ओढली आणि सांगितलं की मंगळवारी पावणेदोनला पाणी इथे येईल. नाही आलं तर गेट सोडून घरी जातो.

धनेशने ती खडूची रेघ वाकून पाहिली. शेवटी त्याने काँक्रीटवाल्याला फोन लावला आणि गाडी बुधवारवर ढकलली. पण सफाला त्याने बजावलं की पाणी आलं नाही तर दोन दिवस फुकट गेल्याचं कारण तिने स्वतःच्या नावाने लिहून द्यायचं.

मी रोह्याला परतले नाही. रामवाडीतल्या खोलीत दोन रात्री राहिले. सफा झोपेत आकडे पुटपुटत होती.

मंगळवारी एक वाजताच आम्ही बांधावर होतो. पाणी आधी बांधाच्या पायथ्याची चिप्यांची झुडपं भिजवत आलं, मग ती पूर्ण बुडाली. दीड वाजता उघाडीच्या खांबावरची जुनी वरची रेघ पाण्याखाली गेली. सफाने ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पावणेदोनला पाणी खडूच्या रेघेच्या दोन बोटं खाली, पण जुन्या रेघेच्या बरंच वर येऊन थांबलं.

धनेश काही बोलणार होता, पण कमळाकरच वैतागले. “वारा नाय आज,” ते म्हणाले. “पच्चिमचा वारा आसता तर आला आसता.” त्या दोन बोटांसाठी ते खरोखरच नाराज होते. धनेशने फोटो काढले.

ओटा दोन वितींनी उंच झाला. काँक्रीट सुकल्यावर मी पुन्हा डबा घेऊन गेले, तेव्हा कमळाकरांनी सफाकडून छिन्नी मागून घेतली आणि ओट्याच्या खाडीकडच्या बाजूला पाण्याची नवी रेघ कोरली. सफाने खाली तारीख लिहिली. मग ते ओट्याभोवती एक फेरी मारून आले.

“ह्यो खाली उतरनार नाय कशावरून?” त्यांनी विचारलं.

सफाने खालच्या भरावाचं, खोल घातलेल्या पायाचं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही. मग केबिनमध्ये जाऊन सफाने देखभालीच्या वहीत एक ओळ घातली: दरवर्षी भाद्रपद बीज, दुपारी पावणेदोन, ओट्यावरची रेघ पाहणे.

तिचं इथलं काम मार्चला संपणार होतं. पुढे कुठे पाठवतील कुणास ठाऊक, आणि ती माझी वेगळी काळजी. तिने कमळाकरांना विचारलं, “पुढच्या बीजेला कोण बघणार?”

ते आपल्या खुर्चीत खाडीकडे तोंड करून बसले होते. मागे चाचणीचा एक विजेचा ट्रक येऊन केव्हाचा उभा होता. धनेश केबिनमधून स्वतः बाहेर आला, गेट उघडून परत गेला, आणि खुर्ची फिरवा असं या वेळी त्याने म्हटलं नाही.