आजोबांचा दाखला

रसायनशास्त्र विभागाच्या तळघरात ताईंनी सत्तावीस वर्षं काढली. हुद्दा तांत्रिक सहायकाचा, पण दरारा असा की कुलगुरूंनाही हेवा वाटावा. पाण्यात शिसं किती, तांबं किती हे मोजणारं तिथलं यंत्र एकोणीस वर्षांचं. सगळे त्याला आजोबा म्हणत. रोज सकाळी ताई ज्योत पेटवायच्या, ठरलेलं एक द्रावण आजोबांना पाजायच्या आणि आकडा बरोबर आला की वहीत ‘ठीक’ लिहून सही करायच्या. ती सही दिसल्याशिवाय यंत्राला हात लावायची कुणाची टाप नव्हती, आणि दिसली की कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. ताईंची आयुष्याची कमाई म्हणाल तर ती एवढीच.

निवृत्तीला चार महिने उरले असताना एका सकाळी सर कागद घेऊन खाली आले. सर म्हणजे ताईंच्याच हाताखाली शिकलेला, आता तिथेच प्राध्यापक झालेला मुलगा. चारचौघांत ताई त्यांना ‘सर’ म्हणत, एरवी सरळ अरे-तुरे. विहिरींच्या पाण्यावरचा त्यांचा संशोधन प्रस्ताव त्या दिवशी पाचच्या आत भरायचा होता. याआधी तो दोनदा परत आलेला. अनुदानाची योजना चाळिशीच्या आतल्यांसाठी, आणि सर पुढच्या आठवड्यात चाळीस पूर्ण करणार. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

“ताई, नवीन यंत्र मागितलंय. जुनं दुरुस्तीपलीकडे गेलंय असा दाखला लागतो. तुमची सही तेवढी हवी.”

ताईंनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि परत दिला. “हे चांगलं धडधाकट आहे. मी खोटं लिहायची नाही.”

“सगळेच लिहितात हो.”

“मग त्यांच्याकडून घे सही.”

सर तोंड पाडून वर गेले. इकडे ताईंचा जीव थाऱ्यावर राहीना. पोरगं गुणी, मरमर काम करणारं. त्याची शेवटची संधी आपल्या हट्टापायी जावी? दुपारी डबा उघडता उघडता घरी फोन केला, तर नणंद म्हणाली, “वहिनी, चार महिने राहिलेत. करा सही आणि व्हा मोकळ्या. त्या यंत्राला काय कळतंय?” ताईंना भयंकर राग आला, कारण त्यांच्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

डबा तसाच ठेवून त्यांनी गेल्या वर्षाची वही काढली. आजोबा रुसून बंद पडले ते दिवस तीन. आणि चांगले असून नुसते बसून राहिले ते एक्केचाळीस. नवऱ्याचं ऑपरेशन, मुलीचं बाळंतपण, स्वतःचा ताप. ताई रजेवर, म्हणून यंत्र रजेवर. त्यांनी सगळ्या वह्या काखेत मारल्या आणि गुडघ्यांना शिव्या घालत तीन जिने चढल्या.

“अरे, तुला यंत्र नकोय, माणूस हवंय. मी गेले की हे चालवणार कोण? नवीन आणलंस तरी चालवणार कोण? प्रस्तावातून यंत्र काढून टाक, तिथे तीन वर्षांसाठी एक जाणकार माणूस माग. आणि जुनं चालतंय, त्याला पुरावा म्हणून या वह्या जोड.”

सरांनी खणातून नकाराची दोन्ही पत्रं काढली. दोन्हींत एक ओळ जवळपास सारखीच होती: मोजणीचं काम प्रत्यक्ष कोण करणार, हे स्पष्ट नाही. दोनदा वाचूनही त्या ओळीवर त्यांनी नवीन यंत्राचाच उपाय शोधला होता. प्राध्यापक झाला म्हणून सगळं सुचतं असं थोडंच आहे. ते निमूट टाइप करायला बसले.

चार वाजून दहा मिनिटांनी नवा दाखला घेऊन ते तळघरात आले. यंत्र सुस्थितीत आहे, एवढंच त्यात होतं.

“आधी मोजून दाखव,” ताई म्हणाल्या.

“ताई, पन्नास मिनिटं उरलीत. सकाळी तुम्ही केलीय ना सही?”

“सकाळची सकाळी. आता तू कर. मोजायला वीस पुरतात.”

अकरा वर्षांत सरांनी आजोबांना हात लावला नव्हता. बोटं गॅसच्या चावीपाशी गेली आणि थबकली. “आधी हवा, मग गॅस,” ते पुटपुटले.

“भुवई जाळून घेतल्यावर विसरशील कसा.”

ज्योत निळी, स्थिर पेटली. आधी शुद्ध पाणी, आकडा शून्य. मग द्रावण. पॉइंट दोन एक दोन. ताईंनी सर्वांत जुनी वही उघडून पहिलं पान पुढे धरलं. तिथे होतं पॉइंट दोन एक चार, म्हणजे फरक नावालाच. मग त्यांनी दाखल्यावर सही केली, एकदम ठसठशीत.

पाचला चौदा मिनिटं कमी असताना प्रस्ताव पोर्टलवर गेला आणि पोचपावतीचा नंबर आला. सर तो सांगायला धावत खाली आले, तेव्हा ताई दुपारचा राहिलेला डबा खात बसल्या होत्या.

“वहीत सही कर. यंत्र तू चालवलंस ना?”

सरांनी सही केली.

“उद्यापासून रोज दहाला खाली यायचं. तुझा तो माणूस येईल तेव्हा मी नसेन. त्याला शिकवायला कुणीतरी हवं ना.”

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना सर तळघराच्या दाराशी उभे होते. ताईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला झाल्या.