पू न धरलेली जखम

“सर, न्यूट्रोफिल सातशेच आलेत. स्लाइड दोनदा मोजली.”

“उद्याचा केमो कॅन्सल. आठ दिवसांनी परत सीबीसी.” नगरचे कॅन्सरचे डॉक्टर फोनवर एक शब्द जास्तीचा बोलत नसत. “ताप आहे?”

“नाही सर.”

“कुठं जखम, इन्फेक्शन?”

समोर स्टुलावर कौसल्याबाई बसल्या होत्या. रक्त घेतानाच त्यांच्या अंगठ्याखाली कोयत्याची चीर मी पाहिली होती. कोरडी होती. सूज नाही, पू नाही.

“काही नाही सर,” मी म्हणालो.

आष्टीत माझी छोटी लॅब होती. नगरला केमो घेणारे पेशंट आदल्या दिवशी माझ्याकडे रक्त द्यायचे. मी फोनवर रिपोर्ट सांगायचो. काउंट कमी निघाला तर बिचाऱ्यांचा हेलपाटा वाचायचा.

न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींतली एक जात. जंतू आत शिरला की सगळ्यात आधी ह्याच धावतात. ओळखपाळख, चौकशी काही नाही, दिसला की गिळला. केमोचं औषध कॅन्सरच्या पेशी मारतं, तशा ह्याही मारतं. काही दिवस अंगात राखणदारच नसतो. कॅन्सरचा पेशंट गाठीनंच जातो असं लोकांना वाटतं. तसं नाही. गाठ कमी होत असतानाही माणूस एखाद्या साध्या जंतूनं जाऊ शकतो.

कौसल्याबाईंची गाठ कमी होत होती. सहापैकी चार केमो झाले होते. त्या वर्षी पाऊस नव्हता. कडा गावाच्या बाजूला एका सोसायटीनं चारा छावणी घातली होती, तिथंच त्या दोन गाई आणि एक बैल घेऊन राहत होत्या.

“छावणीत राहायचं नाही,” मी दटावलं. “शेणात, चाऱ्यात हात घालायचा नाही.”

“मंग जनावरं कोण बघंल, भाऊ? दावणीला माणूस दिसलं न्हाई की नाव काटत्यात. मालक गावात टँकरच्या पाण्यापाशी अडकलेले.” मग हात पुढं करून त्यांनी विचारलं, “चाऱ्याचा ऊस तोडताना लागलं. हळद दाबली हाय. बरं हाय ना?”

आमच्याकडं जखम ओळखायची रीत एकच. पू धरला तर चिघळली, नाही धरला तर बरी झाली. माझी आजीही असंच बघायची. मीही तसंच बघितलं.

“झकास वाळलीय,” मी म्हणालो. “ताप आला तर मात्र लगेच निघायचं. गोळी घेऊन झोपायचं नाही.”

बाई हसल्या. लई दिवसांनी कुणी चांगलं बोललं, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे मालक दगडूभाऊ जीपमधून त्यांना घेऊन लॅबसमोर आले. बाई अंगावर घोंगडी घेऊन कुडकुडत होत्या. आदल्या दुपारीच हीव भरलं होतं. ऊन लागलं असेल म्हणून त्यांनी गोळी घेतली, कुणाला बोलल्या नाहीत. मी रक्तसुद्धा घेतलं नाही. तसंच नगरला पिटाळलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. “गेली ती. जंतू रक्तात पसरले होते. हाताला जखम होती. तू पाहिली होतीस?”

“हो सर.”

“मग बोलला का नाहीस?”

“पू नव्हता सर.”

“पू कशाचा असतो रे?”

मला उत्तर पाठ होतं. कॉलेजात परीक्षेत लिहिलं होतं. जंतूंशी लढून मेलेले न्यूट्रोफिल म्हणजेच पू. ज्या बाईच्या अंगात पुरेसे न्यूट्रोफिलच नाहीत, तिला पू येणार कुठून? ते मीच मोजले होते, मीच फोनवर सांगितले होते. आणि जखम बघताना आजीचे डोळे लावून बसलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. स्वतःची लाज वाटत होती.

पंधरा दिवसांनी दगडूभाऊ आले. मरणाच्या दाखल्यासाठी सगळे जुने रिपोर्ट जुळवत होते. मी कागद काढून दिले. ते काही उठेनात.

“भाऊ, आमचं काय चुकलं वो?”

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

“तुमचं नाही,” मी म्हणालो. “माझं चुकलं. जखम मी बघितली होती. डॉक्टरला सांगितली नाही. वर कौसल्याबाईंना चांगलीय म्हणालो.”

वाटलं, हा माणूस आता माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. ते कागदांकडं बघत राहिले.

“ती तेच म्हनत व्हती,” ते म्हणाले. “भाऊनं हात बघितलाय, बरा हाय म्हनले. म्या म्हनलं, खोटं बोलू नको. ताप का लपीवला म्हणून नगरपतोर शिव्या घातल्या तिला. ती शुद्धीवर व्हती तवर घालत व्हतो.”

त्यांनी तोंडाला उपरणं लावलं आणि ते रडले. मीही रडलो.

पेशी कमी असलेल्या माणसाची जखम गप्प असते. आता मी खरचटलेलंसुद्धा डॉक्टरला कळवतो. ते वैतागतात. वैतागू देत.