डावा कान

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. माझ्या बायकोच्या, सुलूच्या बाराव्यालासुद्धा नाही — आणि तेव्हा तर सगळे समोरच बसले होते.

त्या दिवशी पुन्हा तेच ऐकलं: पडद्यावर राक्षस, घरात गरीब गाय. जन्मभर लोक माझ्याबद्दल हेच बोलले आणि मी मान खाली घालून हसलो. आता नाही हसणार. ऐका मग.

मी चौथी शिकलेला. ऐंशीनंतरची वर्षं. दिवसा मिरजोळ्याला कारखान्यात हमाली, संध्याकाळी नाटकात गुंड. अंगानं दांडगा, म्हणून गुंड. वाचायची बोंब — माझं एकेक वाक्य सुलूनं वाचून घोकून घेतलंय. नाटकात ज्या बाईला मी मारायचो, तिच्या जागी घरच्या तालमीला, आमच्या घरापुढच्या खळ्यात, सुलूच उभी राहायची.

नाटकातली थप्पड खरी नसते, ठाऊक आहे ना? हात गालाजवळनं न्यायचा, टाळी विंगेतला माणूस वाजवतो. सुलूला ते इतकं सवयीचं, की ती पापणी मिटायची नाही. भरवसा — दुसरं काय?

एकदा नाटक बसवणारे मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, हा मारतोय की माशा हाकलतोय? सगळे हसले. घरी आलो. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, उठ, उभी राहा. राहिली. आणि मी मारली — खरी.

दारू प्यायलो नव्हतो. तिच्यावर रागही नव्हता. मला बघायचं होतं, खांदा कसा फिरतो, पाय कुठे पडतो. अशा माणसाला काय म्हणतात? ते मला माहीत आहे, तुम्ही शिकवू नका. आणि कलेसाठी केलं, असंही कुणी म्हणू नका.

ती कान धरून खाली बसली. मग म्हणाली, "आता जमलं का वो?"

जमलं. संगमेश्वरच्या प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या बाया मला शिव्या द्यायला लागल्या. तिथूनच सिनेमात बोलावणं आलं. पुढं पडद्यावर जेवढी थोबाडं फोडली, हात तोच — खळ्यातला.

तिचा डावा कान गेला. डॉक्टरला मी सांगितलं, विहिरीवर घसरली. तिनं मान हलवली. मग गावालाही तेच सांगत राहिलो, तिच्यादेखत.

माफी? मागितली की. एकदाच, म्हातारपणी. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मी जाऊन तिच्या डाव्या बाजूला बसलो आणि सगळं बोललो. हळू. त्या बाजूनं तिला ऐकू येत नाही, हे मला कळत नव्हतं? कळत होतं. म्हणून तर तिथं बसलो.

माझे ओठ हललेले तिला दिसले असावेत. तिनं मान वळवून उजवा कान माझ्यापुढं केला. "काय बोललात वो?"

म्हटलं, काही नाही. ऊन चांगलं पडलंय.