गायरानातल्या खुंट्या

माझा धाकटा भाऊ राहुरी तालुक्यात आमची शेती करतो आणि मी शहरात, सावेडीत राहून शाळेत विज्ञान शिकवते. आई त्याच्याजवळ असते. शेतीची वीज आमच्या गावात आठवडाआड रात्रीची यायची, त्यामुळे उसाला पाणी द्यायचं तर अंधारातच दारं धरायला जावं लागे. गेल्या काही वर्षांत त्या उसात बिबटे मुक्कामाला आले. शेजारच्या वस्तीवरची शेरडं गेली, मग कुत्री गेली, मग माणसांवर झडप घातल्याचं कानावर येऊ लागलं. भाऊ गळ्याला मफलर गच्च गुंडाळून, काठी आणि बॅटरी घेऊन निघायचा, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावायचा. परत आला की मला मेसेज टाकायचा. तोवर माझा डोळा लागत नसे.

म्हणून गावच्या गायरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प होणार आणि शेतीला दिवसा वीज मिळणार, हे त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं. ग्रामसभेत ठराव झाला होता, आणि भावानंही हात वर केला होता. त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात ऊर्जेचा धडा शिकवत होते. देशाला कोळशाकडून उन्हाकडे कसं वळायचंय, आपल्याच भागातल्या कारखान्यात मळीपासून इथेनॉल कसं काढतात आणि ते पेट्रोलमध्ये कसं मिसळतात, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच सांगताना माझ्या डोळ्यांपुढे घरातलं माणूस होतं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आम्ही कबरींना चुना देतो. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. गायरानाच्या ओढ्याकडच्या कडेला आम्ही आमची माणसं पिढ्यानपिढ्या पुरत आलो आहोत. माझे वडीलही तिथंच आहेत. त्या वर्षी मी चुन्याची बादली घेऊन पोचले, तर कबरींच्या पलीकडे, अगदी ओढ्यालगत, लाल रंग दिलेल्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. एकीपासून दुसरीपर्यंत फक्कीची पांढरी रेघ होती. मी त्या रेघेच्या कडेकडेनं चालत गेले. ती आमच्या सगळ्या कबरी आत घेऊन वळली होती.

भाऊ वडलांच्या कबरीवरचं गवत उपटत होता. तुला हे माहीत होतं का, असं मी विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, की मोजणीवाले येऊन गेल्यावर कळलं. हात वर केला तेव्हा त्याला वाटलं होतं, गायरान एवढं मोठं, पॅनल तिकडं माळाच्या अंगाला बसतील. मग मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारल्यावर त्यानं हातातलं गवत बाजूला टाकलं.

"आक्का, आपल्या बापाला आता कशाचं भ्या न्हाई," तो म्हणाला. "रातचं उसात मला जायाचं असतंय."

मग आम्ही दोघांनी चुना दिला.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. सरपंच भावाचाच वर्गमित्र, सरळ माणूस. कबरींचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, हे त्यानं खाली मान घालून कबूल केलं. पण तालुक्याच्या कचेरीत गेलो तर नकाशावर नुसतं गायरान होतं, दफनभूमीचा कुठं उल्लेखच नव्हता. आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही, आणि कुणी हो सुद्धा म्हटलं नाही. वर कळवतो, एवढंच उत्तर मिळत राहिलं. इकडे गावात बोलणं सुरू झालं. आपण हरकत घेतली तर प्रकल्प शेजारच्या गावाला जाईल, अशी धास्ती सगळ्यांनाच होती. डेअरीवर दूध घालायला गेलेल्या भावाला एकानं विचारलं, की तुमच्या चार घरांपायी आमची लाईट अडायची का. विचारणारा दरवर्षी नाताळाला आमच्याकडे जेवायला येणारा होता. भाऊ घरी येऊन जेवला नाही, असं आईनं मला कळवलं. मला वाटायचं, काही बोललो तर गाव तुटेल, आणि गप्प राहिलो तर वडलांच्या छातीवर लोखंडी खांब येईल. शाळेत तोच धडा नव्या वर्षाच्या नववीला शिकवायचा होता, तो मी पुढं ढकलत राहिले.

शेवटी फेरमोजणीचा दिवस ठरला. सरकारी साहेब आले, कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला, सरपंच होता, निम्मं गाव जमलं. आमच्या चर्चचे पाळक आजारी होते, त्यामुळे बोलायचं कुणी हा प्रश्न होता. घरातली शिकलेली मी, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मी कसंबसं कबरींकडे बोट दाखवलं. साहेब नकाशा दाखवून शांतपणे सांगत होते, की यात इथं काहीच दिसत नाही. तेवढ्यात भाऊ पुढं झाला.

"साहेब, लाईट आमाला पायजे," तो म्हणाला. "लई पायजे. पन बापाच्या अंगावर खांब रोवून नको."

मग डेअरीवर टोमणा मारणाराच म्हणाला, की बरोबर हाय, ही जागा त्यांचीच हाय, आमच्या आज्यापासून आमी बघतोय. इंजिनिअरनं कबरींभोवती एक चक्कर मारली. ओढ्याकडची एक पट्टी सोडून ओळी मागं घेता येतील, पण वरून मंजुरी लागेल, असं तो म्हणाला. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. खुंट्या उपटून कबरींच्या अलीकडे ठोकल्या गेल्या.

घरी येताना मी आईचा हात धरला होता. ती सबंध वेळ बाजूला उभी होती. आता काळजी करू नकोस, असं मी तिला म्हणाले. ती चालायची थांबली.

"तुझ्या आदी एक झालं हुतं," ती म्हणाली. "चारच दिस जगलं. त्ये बी तिकडंच हाय."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. कुठं, असं मी विचारलं. एका बाभळीखाली पुरलं होतं आणि वर शेतातला एक धोंडा ठेवला होता, एवढंच तिला आठवत होतं. बाभूळ कधीच तुटली होती. ती जागा सोडलेल्या पट्टीत आली की नाही, तिला सांगता येईना. तिथं सगळ्यांसमोर का बोलली नाहीस, असं मी विचारलं, तर ती म्हणाली की साहेबांनी बोट दाखवायला सांगितलं असतं, तर काय दाखवलं असतं.

भाऊ दुसऱ्या दिवशी सरपंचाकडे गेला. सरपंचानं इंजिनिअरला फोन लावला. पण जागा दाखवता येत नाही म्हटल्यावर इंजिनिअरलाही काही करता येईना. मी आणि भाऊ दोन रविवार गायरानात हिंडलो, धोंडे उलटून बघत. धोंडे हजार होते.

दिवाळीनंतर एके दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत भावाचा फोन आला, की जेसीबी आला आहे आणि मंजुरीचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. मी रजा टाकून एसटी पकडली. कारखाने सुरू झालेले, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं इथेनॉलचा टँकर, त्याच्यामागं आमची बस. मी खिडकीशी बसून देवाचं नाव घेत होते, पण पुढचे शब्दच सुचत नव्हते.

पोचले तेव्हा कबरी जागेवर होत्या. जेसीबीनं नव्या खुंट्यांची हद्द पाळली होती. तिच्या पलीकडचा माळ मात्र सपाट झाला होता आणि आई त्या उकरलेल्या मातीच्या कडेला उभी होती. तिला बघून चालकानं यंत्र बंद केलं आणि खाली उतरला. मातीत काही सापडलं का, असं तिनं त्याला विचारलं. दगडगोट्यांशिवाय काही निघालं नाही, असं तो म्हणाला. तिनं मान डोलावली. तिला बरं वाटलं की वाईट, ते मला आजही कळलेलं नाही.

आता पॅनल उभे आहेत, कबरींच्या कडेनं तारेचं कुंपण आहे. वीज दिवसा येते, बहुतेक वेळा. भाऊ सकाळी न्याहारी करून पाणी द्यायला जातो आणि दुपारी घरी जेवतो. त्याचा चेहराही भरला आहे. दफनभूमीची नोंद करण्याचा अर्ज कचेरीत पडून आहे. वीज कमी पडते म्हणून प्रकल्प वाढवायचा विचार चालू आहे, असं सरपंचानं नुकतंच भावाच्या कानावर घातलं.

गेल्या महिन्यात जेवताना आई आम्हा दोघांना म्हणाली, की मला तुमच्या वडलांशेजारी नका ठेवू, कुंपणाला लागून, माळाच्या अंगाला ठेवा. भाऊ बरं म्हणाला आणि जेवत राहिला. वाढीव जागा मागितली गेली, तर पहिल्यांदा तीच कड जाईल, हे त्यालाही कळत असणार. मी ते बोलले नाही. आईच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली.