देणगीदार बाईच्या घरी केलेला फोन

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बहिणींनी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावांना मुकाट्यानं सोडून देऊ नये, हेच आम्ही गावोगाव सांगत फिरतो. भाषणं मीच ठोकते. माझी जीभ तिखट, आणि त्याचा मला गर्व होता.

गेल्या वर्षी कोरेगावची एक बाई देणगी द्यायला आली. जवळच्या साताऱ्यात कुणी ओळखीचं भेटेल, म्हणून मुद्दाम सांगली गाठलेली. तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या दोन्ही बहिणींच्या हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या होत्या.

"त्याच रानावर जगतोय आमी. लय लाज वाटती," ती म्हणाली. "माझं नाव तेवढं लिवू नगा. घरात कळलं तर हाकलून देतील."

नाव लिहावंच लागतं, मी म्हणाले. निनावी देणग्या घेतल्या तर संस्थेला कर पडतो, देणगीदारांची यादी आयकर खात्याला द्यावी लागते. पण ती गावात कुणाला दिसत नाही. तेवढ्यावर तिनं नाव, पत्ता, पॅन नंबर, सगळं दिलं.

यादी भरताना तो नंबर चुकीचा निघाला. मी फोन लावला, तर नवऱ्यानं उचलला. नंतर करते म्हणून ठेवून द्यायचा, एवढी साधी अक्कल. पण घरच्या कर्त्या माणसाला मान द्यायची खोड माझ्याही हाडात मुरलेली. मी म्हणाले, "दादा, वहिनींनी आम्हाला देणगी दिली, फार मोठं मन आहे त्यांचं. त्यांचा पॅन नंबर सांगता का?" कसली संस्था, त्यानं विचारलं. मी तेही सांगितलं, वर कौतुकानं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

आठ दिवसांनी ती दवाखान्याचं निमित्त करून आली. तिचा फोन काढून घेतला होता.

"म्हायेरी जा म्हनत्यात. कुणी सांगितलं ते बोलंनात. कसं कळलं असंल वो ताई?"

मला तोंड वर करवेना. तरी म्हणाले, "यादी सरकारकडे जाते ना. तिथूनच फुटलं असेल."

तिनं माझा हात धरला. "मग तुमी तरी काय करणार? तुमी वाईट वाटून घिऊ नगा."

मी हात सोडवला नाही. खरंही सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.