मेट्रोत खायचं नसतं

आमचे सासरे नियमाचे पक्के. पुण्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे बर दुबईला आले, तर पहिल्याच दिवशी नवऱ्याकडून इथले सगळे दंड समजून घेतले. रस्ता कुठे ओलांडायचा नाही, कुठे थुंकायचं नाही, मेट्रोत खायचं-प्यायचं नाही. मला हसू यायचं. म्हटलं, बाबा, इतकं कोणी बघत नसतं हो.

त्या दुपारी त्यांनी जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं, मी पानं वाढायला घेतली आणि फोनवर अलर्ट किंचाळला. युद्ध सुरू झाल्यापासून हे रोजचंच झालं होतं, पण या वेळी खिडक्या हादरल्या. मेट्रोचं जमिनीखालचं स्टेशन कोपऱ्यावरच. गॅस बंद केला, राजगिऱ्याचे लाडू पर्समध्ये कोंबले आणि बाबांना घेऊन पळाले. नवरा लांब जबल अलीला, वेअरहाउसवर कामाला.

खाली पाय ठेवायला जागा नव्हती. वर धडाधड आवाज, खाली पोरांची रडारड. बाबांना भिंतीशी बसवून लाडू पुढे केला, तर त्यांनी समोरच्या पाटीकडे बोट दाखवलं. वरून मिसाइलं पडतायत आणि या माणसाला पाटी दिसतेय! मी चिडले, इन्सुलिन घेतलंय, साखर उतरेल म्हणून विनवण्या केल्या, ओढणीआड धरते म्हटलं.

"कॅमेरे आहेत गं. माझ्यापायी लेकाच्या नोकरीवर गदा नको," ते म्हणाले. घरी गेल्यावर जेवतोच की, म्हणाले.

घरी जायला मिळेना. त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. लाडू कुस्करून मी ओठांशी नेला. तेवढ्यात युनिफॉर्ममधला गार्ड आमच्याकडे येताना दिसला आणि बाबांनी दात गच्च आवळले.

गार्डच्या हातात ज्यूस होता. "पी लो चाचा, आज कोई मना नहीं करेगा," म्हणत तो गुडघ्यावर बसला. ज्यूस हनुवटीवरून ओघळत राहिला. ॲम्ब्युलन्स आली ती वरचं सगळं शांत झाल्यावर. हार्ट आधीच कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मला बाबांचा अजून राग येतो. रडू येतं तेही रागानेच.

नवरा अधूनमधून विचारतो, शेवटी काही बोलले का गं? मी म्हणते, नाही, काहीच नाही. सकाळी उठून त्याला त्याच नोकरीवर जायचं असतं.